आईबाप असलेले अनाथ

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा देशभरच्या बालगृहांत आणि निरीक्षणगृहांत मिळून सुमारे २ लाख २७ हजार मुले राहत होती. दाटीवाटीने झोपणाऱ्या या मुलांत साथ शिरली तर काय होईल, या धास्तीने सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये आपण होऊन लक्ष घातले. डिसेंबरपर्यंत त्यांतली १ लाख ४५ हजारांहून अधिक मुले आईवडिलांकडे किंवा पालकांकडे पोचवल्याची नोंद न्यायालयासमोर झाली. पाठवणी घाईत झाली, अनेक मुलांच्या घरची चौकशी धड झाली नाही, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिन्याला दोन हजार रुपये द्या, असे न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले. पण या आकड्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. दर तीन मुलांतल्या जवळजवळ दोघांना जायला घर होते.

मग ती मुले संस्थेत का होती?

अनाथाश्रमाबद्दलची आपली कल्पना बरीचशी जुन्या सिनेमांतून आली आहे. पायरीवर ठेवलेले तान्हे मूल, दारावरची घंटा, करुण चेहऱ्याच्या बाई. अशी मुले असतात, नाही असे नाही. पण गेल्या दीड-दोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर मुलाला संस्थेच्या दारापर्यंत आणणारी गोष्ट आईबापांचा मृत्यू ही फार थोड्या वेळा असते. आईबाप गरीब आहेत, भटके आहेत, परधर्मी आहेत, बदनाम आहेत. तेव्हा मूल त्यांच्यापाशी नको, असे कोणीतरी वरच्याने ठरवलेले असते. त्या ठरवण्यात दया असते आणि ती खोटीच असते असे नाही. मात्र तिच्या हातात हुकूमनामा असतो. कल्याण आणि सक्ती यांची ही जोडी आपल्या भागात कशी जमली, कशी टिकली, आणि तिचा हिशेब अजून का झाला नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अनाथ ठरवण्याचा अधिकार

आपल्या किनाऱ्यावरचे सर्वांत जुने ठळक उदाहरण गोव्यातले. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाज्ञेने असे ठरले की ज्या हिंदू मुलांना आईबाप, आजाआजी कोणी नाही आणि जी अजाण आहेत, त्यांना अनाथांसाठी नेमलेल्या न्यायाधीशाने जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करावे. तिथे त्यांचा बाप्तिस्मा व्हावा. कागदावर ही पोरक्या मुलांची सोय होती. पुढच्या काळात व्याख्या सैल होत गेली आणि बाप वारला की आई जिवंत असली तरी मूल अनाथ, इथपर्यंत ती पोचली. 'ख्रिस्तींचा बाप' अशा अर्थाची पदवी असलेला एक पाद्री या कामावर देखरेख करी. घरात मर्तिक झाले की सुतक फिटायच्या आत मुलाला नदीपलीकडे नातेवाइकांकडे धाडायचे, अशी पाळी कुटुंबांवर आली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात हे सारे कागदपत्रांनिशी मांडले आहे. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की अनाथ असणे हा नशिबाचा भाग राहिला नव्हता. ते एका कार्यालयात ठरत होते.

इंग्रजी अमलात याला धर्माऐवजी सुधारणेचे रूप आले. १८५० च्या ॲप्रेंटिस कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या गरीब आणि अनाथ मुलांना, तसेच किरकोळ गुन्हे केलेल्या मुलांना, एखाद्या कारागिराकडे करारावर बांधून देण्याची मुभा दिली. अनाथ आणि उचलेगिरी करणारा एकाच कलमात आले, ते तेव्हापासून. बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ साली मुलांसाठी औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली. ती संस्था माहीमला अजूनही आहे. (बालन्यायावरच्या कित्येक लेखांत अशी पहिली शाळा १८४३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने काढली असे छापलेले आढळते. कॉर्नवॉलिस १८०५ सालीच गाझीपूरला वारला होता. एकाने लिहिले, पुढच्यांनी उतरवून घेतले. या विषयाकडे आपण किती लक्ष दिले आहे, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.)

ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर यांचा या कथेत मोठा वाटा आहे. इंग्लंडमधल्या सुधारशाळांच्या चळवळीच्या त्या अग्रणी. १८६६ साली त्या पहिल्यांदा हिंदुस्थानात आल्या, अहमदाबाद, मुंबई, पुणे हिंडल्या, तुरुंग पाहिले आणि मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर ठेवू नका म्हणून सरकारच्या मागे लागल्या. त्यांची कळकळ खरी होती. त्या वेळी पोरसवदा चोराला वेताचे फटके मारून सोडायचे किंवा तुरुंगात घालायचे, एवढेच दोन मार्ग होते. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा झाला, १८९७ साली तो नव्याने लिहिला गेला. पंधरा वर्षांखालच्या मुलाला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येईल, असे त्यात होते. ज्या चोरीसाठी मोठ्या माणसाला काही महिने झाले असते, तिच्यासाठी पोराला कमीत कमी तीन वर्षे. ही शिक्षा नाही, शिक्षण आहे, असे म्हटले की मुदत कितीही वाढवता येते. येरवड्याच्या सुधारशाळेत अशी मुले जात. मुलींचा या कायद्यात विचारच नव्हता.

ज्यांनी आईला विचारले

याच काळात पुण्यात आणि पंढरपुरात अगदी वेगळ्या वाटेने काही चालले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण घरांतल्या तरुण विधवांना दिवस गेले की गर्भपात, अर्भकहत्या किंवा विहीर, याखेरीज चौथी वाट नसे. इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा, असे त्यांनी जाहीर केले. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. १८७५ साली न्यायखात्यातले लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या आधाराने पंढरपुरात असेच गृह काढले. वारीच्या गावी, चंद्रभागेच्या काठी टाकलेली अर्भके सापडत, म्हणून तिथे. तो बालकाश्रम आजही चालू आहे.

फुल्यांच्या गृहाचे कौतुक आपण समाजसुधारणेचे पाऊल म्हणून करतो. मुलांच्या संस्थांच्या इतिहासात त्याची जागा वेगळी आहे, तिकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. मूल ठेवायचे की न्यायचे, हा निर्णय तिथे आईचा होता. त्याआधी आणि त्यानंतर निघालेल्या बहुतेक व्यवस्थांत हा निर्णय दुसऱ्याच कोणाचा तरी असे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची. दुष्काळातल्या भटकंतीत आईवडील गमावलेल्या या बाईला भुकेची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नव्हती. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात गदारोळ झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि तरुण विधवा गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणखी आल्या. तिथल्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या नसत्या तर यांतल्या कित्येक मुली मेल्या असत्या किंवा बाजारात विकल्या गेल्या असत्या, याबद्दल शंका नको.

पण दुष्काळी मुलांवरून देशभर चढाओढ लागली होती, हेही खरे. मिशनऱ्यांनी अनाथालये भरली, तेव्हा लाला लजपतराय आणि आर्यसमाजी कार्यकर्ते आपली माणसे घेऊन दुष्काळी मुलखात उतरले. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लजपतरायांनी साक्ष दिली. अनाथ मुले आधी नातेवाइकांकडे, मग त्यांच्या धर्माच्या संस्थांकडे आणि शेवटी इतरांकडे, असा क्रम असावा, यावर तेव्हा वाद झडत होता. दोन्ही बाजूंनी मुलांच्या आत्म्याची काळजी केली. पाऊस पडल्यावर गावाकडे परतलेली आई आपले मूल शोधत आली तर काय करायचे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच अग्रक्रमावर नव्हता.

तारेच्या आतली मुले

सक्तीचे उघडेवाघडे रूप पाहायचे तर सोलापूरच्या सेटलमेंटकडे, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीकडे, जावे लागते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८९७ च्या दुरुस्तीने त्यात मुलांविषयीचे कलम घुसले: चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळेत किंवा वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या नव्या कायद्याने ही सारी यंत्रणा मुंबई इलाख्यात आली. १९२४ च्या कायद्यातही मुले तोडण्याची तरतूद राहिलीच. त्यासाठी मुलाने काही केलेले असण्याची गरज नव्हती. ते अमुक जमातीत जन्मले, एवढे पुरे होते.

विजापूर, हुबळी, सोलापूर इथे वसाहती उभ्या राहिल्या. कैकाडी, भामटे, पारधी, मांग गारुडी, छप्परबंद अशा जमाती तारेच्या कुंपणात आल्या. हजेरी सक्तीची, बाहेर जायचे तर पास. सोलापूरच्या कापडगिरण्यांना मजूर हवे होते आणि सेटलमेंटमधली माणसे पळून जाणारी नव्हती, हा योग काही केवळ योगायोग म्हणता येणार नाही. देशात अनेक ठिकाणी अशा वसाहती मुक्तिफौजेकडे किंवा मिशनांकडे चालवायला दिल्या होत्या. मोठी माणसे सुधारायची आशा नाही, पण पोरे लहानपणीच वेगळी काढली तर एका पिढीत जमातच 'सुधारेल', हा त्यामागचा हिशेब. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांबद्दल आणि कॅनडात मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल हाच हिशेब त्याच सुमारास मांडला जात होता.

मुंबई इलाख्यात या कामाचा मुख्य अधिकारी होता ओ. एच. बी. स्टार्ट. हे नाव आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला १९२८ साली नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि डॉ. आंबेडकर, ठक्कर बाप्पा, डॉ. सोळंकी हे तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात शाळा, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे यांच्या शिफारशी आल्या. माणूस एकच. एका हाताने अस्पृश्य मुलांसाठी शाळेची दारे उघडायला सांगणारा, दुसऱ्या हाताने पारध्यांच्या हजेरीवहीवर सही करणारा. त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो बहुधा ढोंगी नव्हता, आणि हीच अडचण आहे. या इतिहासात दुष्ट माणसे तशी कमीच भेटतात.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा मागे घेतला. देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला आणि त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कुंपण गेले, पण सेटलमेंटच्या शाळांत आणि वसतिगृहांत वाढलेल्या मुलांचे पुढे काय झाले, किती जण पुन्हा आईबापांना भेटले, याची सरकारी पातळीवर कधी चौकशी झाली नाही. जे काही कळते ते लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'सारख्या पुस्तकांमुळे, आणि तेही पुढच्या पिढीच्या आयुष्याबद्दल.

रिमांड होम

'ऐकलं नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी मराठी घरांत दोन-तीन पिढ्या चालली. ती हवेतून आली नव्हती. कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या तुरुंग समितीने १९२० साली मुलांसाठी वेगळी न्यायालये आणि वेगळ्या संस्था सुचवल्या. मद्रासने त्याच वर्षी, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये मुलांचे कायदे केले. मुंबईत प्रत्यक्ष अंमल १९२७ पासून. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात मुलांचे रिमांड होम आले. डोंगरीचे रिमांड होम म्हणून मुंबईकर ओळखतात ते हेच. मुलांना तुरुंगातून वाचवायला निघालेली सुधारणा तुरुंगाच्याच आवारात राहायला गेली. जागा मोकळी होती, म्हणून.

या कायद्याची जाळी फार बारीक होती. गुन्हा केलेले मूल त्यात येई. भीक मागताना सापडलेले, घरदार नसलेले, दारुड्या किंवा गुन्हेगार पालकाचे, वेश्यावस्तीत राहणारे, हेही येई. आणि आईबापांनीच 'हा आमच्या कह्यात नाही' म्हणून अर्ज केला तर ते मूलही येई. हा शेवटचा दरवाजा पालकांनी भरपूर वापरला. मुलींच्या बाबतीत कह्यात नसणे म्हणजे पुष्कळदा प्रेमात पडणे. पसंत नसलेल्या जातीच्या मुलाबरोबर पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी अजूनही बालगृहात अठरा पूर्ण होण्याची वाट पाहत बसते. तिला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' म्हणतात. संरक्षण तिला कोणापासून हवे आहे, हे तिला विचारले तर उत्तर गैरसोयीचे येईल.

१९४५ चा आणि त्यानंतरचा १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा याच जाळीचा दुसरा पदर. उपजीविकेचे दिसण्यासारखे साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणे, हेही या कायद्यात भीक मागणेच ठरते. भिकाऱ्याला पकडले की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनाही अडकवून ठेवता येते, आणि मूल पाच वर्षांपेक्षा मोठे असेल तर ते आईपासून वेगळे काढून बालन्यायालयाकडे पाठवायचे. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी बाईला पोलिसांची गाडी दिसताच ती आधी पोराला का दडवते, याचे उत्तर इथे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जिथे तो जन्मला त्या महाराष्ट्रात तो राहिला.

मराठी मुलखात मुलांना घरापासून दूर ठेवण्याची दुसरी, अभिमानाची परंपरा आहे, हे इथे विसरून चालणार नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगे काढली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे शाहू महाराजांच्या नावाने नामकरण झाले. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुले माधुकरी मागून शिकली. शिस्त या सगळ्या ठिकाणी कडक, अन्न जेमतेम, कामही करावे लागे. सुधारशाळेतल्या मुलाचा आणि भाऊरावांच्या बोर्डिंगातल्या मुलाचा दिवस वरवर पाहता फार वेगळा नव्हता. फरक इतकाच की इथे बाप पोराला स्वतः घेऊन येई, दिवाळीला घरी नेई आणि नाही जमले तर कायमचा काढून नेऊ शके. निवासी संस्था वाईटच, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी भाऊरावांच्या रयत संस्थेची वसतिगृहे डोळ्यांपुढे आणावीत. आणि मुलांना शिक्षण तर मिळत होते ना, असे म्हणून सेटलमेंटचे समर्थन करणाऱ्यांनीही तीच आणावीत.

शासकीय आश्रमशाळा या दोन परंपरांच्या मध्ये कुठेतरी अडकल्या आहेत. पाड्यावर शाळा नाही म्हणून पालक मूल पाठवतात, ही निवड मानायची की नाईलाज? तिथल्या मुलांच्या मृत्यूंबद्दल डॉ. सुभाष साळुंके समितीने २०१६ मध्ये लक्ष वेधले तेव्हा काही दिवस चर्चा झाली, नंतर ती विरली.

पत्रकार बाईंचे पत्र

स्वातंत्र्यानंतरची चार दशके या संस्थांच्या आत काय चालते, याची बाहेर कोणाला फिकीर नव्हती. ती शांतता मोडली मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर १९८६ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला: सोळा वर्षांखालचे मूल तुरुंगात ठेवू नका, आणि राज्याराज्याचे वेगळे कायदे असण्यापेक्षा संसदेने एकच कायदा करावा. त्या वर्षअखेर बालन्याय कायदा संमत झाला.

दुसरे प्रकरण आपल्या अंगणातले आणि म्हणून जास्त बोलके. मानखुर्दच्या निरीक्षणगृहातली मुले महिनोन् महिने अडकून पडतात, त्यांच्याकडून बिनमोबदला काम करून घेतले जाते, अशी तक्रार बारसे यांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्राने कळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ च्या डिसेंबरमध्ये न्यायालय म्हणाले की मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवता कामा नये, आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी ही घटनेच्या दृष्टीने राज्यसंस्थाच मानली पाहिजे. या दुसऱ्या वाक्याचे वजन मोठे आहे. तोवर 'आम्ही धर्मादाय काम करतो' हे उत्तर पुरत असे. आता मुलाला मूलभूत हक्क दाखवून जाब विचारता येणार होता.

पण जाब विचारायला आतून आवाज बाहेर यावा लागतो. तो यायला पुढेही उशीरच झाला. शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या गृहातले कुपोषण आणि मृत्यू २०१० मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले. उच्च न्यायालयाने आपण होऊन याचिका दाखल करून घेतली. राज्यभरच्या गृहांची पाहणी सुरू झाली, आणि त्यात पनवेलजवळच्या एका गृहातल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. त्या खटल्यात संस्थाचालक दोषी ठरला. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरणही असेच बाहेर पडले, तेही मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या सामाजिक अंकेक्षणातून. नेहमीच्या सरकारी तपासण्या या सर्व ठिकाणी होत होत्या. शेरेबुकात शेरे समाधानकारक होते.

मुलामागे अनुदान

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरच्या संस्थांची केलेली मोजदाद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९,५८९ संस्था, सुमारे ३ लाख ७० हजार मुले. बालन्याय कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्था जेमतेम एक-तृतीयांश. सर्वाधिक संस्था असलेल्या राज्यांत तमिळनाडू, महाराष्ट्र, केरळ. म्हणजे दारिद्र्याच्या नकाशावर जी राज्ये सर्वांत वर दिसतात, ती नव्हेत. संस्था मुलांच्या गरजेप्रमाणे उगवत नाहीत. त्या चालवणारे जिथे आहेत आणि अनुदान मिळवण्याची वाट ज्यांना ठाऊक आहे, तिथे उगवतात.

अनुदान पटावरच्या मुलांमागे मिळते. मूल घरी गेले की तेवढे पैसे कमी. आयर्लंडच्या औद्योगिक शाळांबाबत नेमलेल्या रायन आयोगाने २००९ च्या अहवालात या डोईमागच्या अनुदानावर नेमके बोट ठेवले होते. पट टिकवायचा असेल तर मुले येत राहिली पाहिजेत, आणि ती यावीत म्हणून गरिबी हा मुलाला उचलून नेण्यासारखा दोष आहे, असे मानले गेले पाहिजे. पटावर मुले भरपूर आणि खोल्या रिकाम्या, तपासणीच्या दिवशी आजूबाजूची पोरे आणून बसवलेली, अशा तक्रारी महाराष्ट्राने वर्षानुवर्षे ऐकल्या आहेत. बीडकडच्या ऊसतोड कामगाराला दिवाळीनंतर सहा महिने कारखान्यावर जायचे असते. मूल फडात न्यायचे, म्हाताऱ्या आईकडे टाकायचे, हंगामी वसतिगृहात ठेवायचे, की कोणाच्या तरी बालगृहाच्या पटावर चढवायचे? चौथ्या पर्यायाला एजंट घरी येतो.

याला पर्याय महाराष्ट्रात आधीपासून आहे, म्हणून तर चीड येते. बालसंगोपन योजनेत मूल घरी किंवा नात्यात राहते आणि मदत तिथे पोचते. ही मदत कित्येक वर्षे महिन्याला ४२५ रुपये होती. करोनाच्या काळात विधवा झालेल्या बायकांसाठी कार्यकर्त्यांनी रेटा लावल्यावर ती ११०० झाली आणि २०२३ पासून, सावित्रीबाईंचे नाव देऊन, २२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशाच प्रायोजकत्वाचे ४००० रुपये आहेत. ४२५ रुपयांत मूल वाढवून दाखवा असे सांगायचे, आणि त्या बाईला ते जमले नाही की तिला बालगृहाचा पत्ता द्यायचा, हेही एक प्रकारे मूल काढून घेणेच आहे. यात पोलीस लागत नाहीत, इतकेच. केवळ गरिबीपायी मूल कुटुंबापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. संस्था हा शेवटचा उपाय, असे आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही लिहिले आहे.

ज्यांनी माफी मागितली

स्वित्झर्लंडची गोष्ट ऐकली की आपल्याकडची माणसे चकित होतात. त्या श्रीमंत देशात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गरीब, अविवाहित किंवा घटस्फोटित आयांची मुले काढून घेऊन शेतकऱ्यांकडे राबायला दिली जात. 'आळशी' किंवा 'बदफैली' ठरवलेल्या मोठ्या माणसांना न्यायालयाशिवाय संस्थांत डांबता येई, ते १९८१ मध्ये बंद झाले. ११ एप्रिल २०१३ रोजी न्यायमंत्री सिमोनेटा सोमारुगा यांनी अशा लोकांसमोर उभे राहून माफी मागितली. त्यानंतर कायदा झाला, प्रत्येक पीडिताला २५ हजार फ्रँक देण्याचे ठरले, इतिहासकारांचा स्वतंत्र आयोग नेमला गेला आणि स्वतःबद्दलची जुनी कागदपत्रे पाहण्याचा हक्क या लोकांना मिळाला. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये आदिवासींची आणि २००९ मध्ये बालगृहांत वाढलेल्या इतर मुलांची माफी मागितली, कॅनडाने २००८ मध्ये निवासी शाळांबद्दल.

माफीने भूक भागत नाही, आणि या देशांत सारे सुरळीत झाले असेही नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुले आजही प्रमाणाबाहेर सरकारी देखरेखीत जातात. तरीही तिथे एक काम झाले. सरकारने आपल्या दयेचे हिशेब तपासायला दिले. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटच्या नोंदवह्या, उमरखाडीचे प्रवेशाचे कागद, येरवड्याच्या सुधारशाळेची रजिस्टरे यांवर असा आयोग बसवण्याची मागणीसुद्धा कोणी जोराने केलेली नाही. २०११ मध्ये नॉर्वे सरकारने एका भारतीय जोडप्याची दोन मुले ताब्यात घेतली, तेव्हा दिल्लीपासून ऑस्लोपर्यंत राजनैतिक धावपळ झाली आणि वाहिन्यांनी रात्री जागवल्या. हाताने भरवणे हा तिथे आक्षेपाचा मुद्दा झाला, यावर आपण संतापलो. संतापायलाच हवे होते. ठाण्याच्या पुलाखालून उचललेल्या पोराच्या आईसाठी मात्र दुभाष्याही मिळत नाही. तिची पारधी बोली बालकल्याण समितीपुढे कोणाला कळत नाही.

आता थोडे बाहेर पडणाऱ्या मुलांविषयी. अठरा वर्षे पूर्ण झाली की गृह सोडावे लागते. अनुरक्षणगृहात एकविसाव्या वर्षापर्यंत सोय आहे, पण ती थोड्यांनाच मिळते. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवले. संस्थेत वाढलेल्या तरुणांनीच त्यासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवले होते आणि असे पाऊल उचलणारे आपले राज्य पहिल्या काहींतले आहे. सुरुवातीचे निकष इतके ताठर होते की प्रमाणपत्र मिळणे मुश्कील होते. २०२१ मध्ये ते सैल केले गेले आणि नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही त्यात जागा मिळाली. दोन्ही पालक हयात नसणे, ही अट कायम आहे. ज्याची आई जिवंत आहे पण जो सहाव्या वर्षी भीक मागताना सापडला म्हणून बारा वर्षे बालगृहात वाढला, त्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही. गृहांतली बहुसंख्य मुले त्याच्यासारखी आहेत.